खर्ड्याची वाट आणि डिकीतले ठिपके

अहिल्यानगरहून जामखेडकडे निघालेला रस्ता चिचोंडी पाटील मागे टाकून बीड जिल्ह्यात शिरतो, कडा व आष्टी ही गावे ओलांडून पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो, आणि जामखेडपासून आग्नेयेस सुमारे वीस किलोमीटरवर आमचे खर्डा गाव लागते. या वाटेने मी लहानपणापासून किती वेळा गेलो असेन, याची गणती नाही. परंतु गेल्या फाल्गुनातला प्रवास निराळा होता. तीस वर्षे आमच्या वखारीत धूळ खात उभी असलेली शेव्हरोले इम्पाला त्या दिवशी स्वतःच्या चाकांवर घरी परतत होती. मी गाडी चालवीत होतो, आणि शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे काकासाहेब बसले होते.

शेजारी म्हणजे उजवीकडे. या गाडीचे स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. आपल्या रस्त्यावर पुढे मालमोटार असली की डावीकडे बसलेल्या चालकाला समोरचे काहीच दिसत नाही. अशा वेळी उजवीकडच्याने मान बाहेर काढून पाहायचे आणि सांगायचे, "साफ आहे, घे," किंवा "थांब." अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी चालवीत असत तेव्हा हे काम काकासाहेबांकडे असे. आता अण्णा नाहीत. काम मात्र त्याच माणसाकडे राहिले.

ही गाडी आमच्याकडे आली कशी, हे तरुण वाचकांना सांगावयास हवे. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. दरम्यान सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून देशी मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. साठ-सत्तरच्या दशकांत मोठी अमेरिकी गाडी हवी असेल तर वकिलातींतून वापरून निघालेल्या गाड्यांवर नजर ठेवावी लागे. अण्णांनी मुंबईच्या आडतीत चार पैसे मिळवले आणि अशीच एक इम्पाला घेतली. गावात ती प्रथम आली त्या दिवाळीला वाड्यासमोर जत्रा भरल्यासारखी गर्दी झाली होती, असे आई सांगत असे.

गाडीचा खरा उपयोग मात्र मिरवण्यासाठी झाला नाही. १९७२ च्या दुष्काळात गावात धान्य वेळेवर पोहोचेना, तेव्हा अण्णा जामखेडहून डिकीत मिलोची पोती घालून आणीत. या गाडीची डिकी एवढी मोठी की आम्ही मुले लपंडावात तिच्यात दोघे-दोघे मावत असू. पोती टाकून टाकून तिच्या तळाला जागोजाग पोचे पडले. ते पोचे आजही आहेत.

अण्णा गेल्यानंतर गाडी उभी राहिली ती उभीच राहिली. मागच्या पावसाळ्यात वाड्याचे माळवद दोन ठिकाणी खचले. दुरुस्तीचा अंदाज ऐकून आम्ही भावंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तेव्हा गाडी विकण्याचा विषय निघाला. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या संग्राहकांनी छायाचित्रे पाहून चांगली किंमत देऊ केली. अट एकच, की गाडी मूळ स्वरूपात नीट करून द्यावी. गाडी ट्रकवर चढवून नगरला नेली. इंजिन, ब्रेक, वायरिंग यांची कामे झाली, बाहेरचा रंग झाला, आणि अखेरीस प्रश्न डिकीचा उरला.

बाहेरून गाडीचा रंग जो असेल तोच डिकीत आतून असतो, अशी आपली समजूत असते. साठच्या दशकातील जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत तसे नाही. त्यांच्या डिकीला आतून ठिपक्यांचा रंग असे. एका गडद तळावर दुसऱ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडवलेले दिसत. कारखान्याने हे शोभेसाठी केले नव्हते. डिकीचा तळ पत्र्याचे निरनिराळे तुकडे जोडून होतो. त्यावर वेल्डिंगचे ठसे असतात, सांध्यांत भरलेला मसाला असतो. एकरंगी चकचकीत रंग दिला की हा सगळा खडबडीतपणा उठून दिसतो. ठिपक्यांत मात्र नजर ठरत नाही. ओरखडा, धूळ, लहानसा पोचा, सारे त्यात विरून जाते, घासकाम आणि पॉलिश वाचते.

या रंगाची घडण मोठी गमतीची आहे. तो पाण्यात बनवलेला असतो आणि दोन रंगांचे थेंब त्यात एकमेकांत न मिसळता तरंगत असतात. फवारा बसतो तो या वेगवेगळ्या थेंबांचा, म्हणून एकाच हातात तळ आणि ठिपके दोन्ही उमटतात. यामुळेच नेहमीच्या रंगाच्या सवयी येथे उपयोगी पडत नाहीत. डबा जोराने हलवला किंवा यंत्रावर घुसळला तर थेंब फुटतात. तो काठीने हळूहळू ढवळायचा. नेहमीचा रंग आपण जाळीतून गाळतो, हा गाळायचा नाही, कारण ठिपकेच जाळीत अडकतात. थिनर घालायचे नाही. स्प्रे गनचे तोंड मोठे हवे आणि हवेचा दाब कमी. दाब वाढवला की थेंब चिरडले जातात आणि सगळे मिळून एक मळकट राखी रंग तयार होतो. ठिपका केवढा पडतो, हे आधी पुठ्ठ्यावर मारून पाहायचे आणि मगच गन डिकीकडे वळवायची.

रंगाची निवड हे त्याहून नाजूक काम आहे. राखाडी-पांढरा, काळा-राखाडी, काळा-फिरोजी अशा जोड्या असत आणि गाडीच्या प्रकाराप्रमाणे व सालाप्रमाणे त्या बदलत. दुसऱ्याच्या गाडीत जे पाहिले ते आपल्या गाडीत असेलच असे नाही. मूळ रंग शोधायचा तो जेथे ऊन, पाणी आणि माणसाचा हात पोहोचलेला नाही अशा जागी. रबरी पट्टीच्या खाली, स्टेपनीच्या आडोशाला, बिजागरीच्या मागे. आमच्या गाडीत रबर सोलल्यावर बोटभर पट्टा मिळाला. काळा तळ आणि त्यावर फिरोजी ठिपके. काकासाहेबांनी चष्मा पुसून तो पट्टा निरखला आणि म्हणाले, "हाच. पोती उतरवताना मी रोज पाहत असे."

रंग ठरला, डबे आले. मग स्टेपनीच्या खळग्यातली जुनी चटई उचलली, आणि खाली पत्र्याऐवजी गंजाचे पापुद्रे हाती आले. खळग्याच्या कडेला पत्रा चाळणीसारखा झाला होता. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो आरपार जाई.

पेंटर हाताचा कसबी होता. त्याने क्षणभर पाहिले आणि सहज म्हटले, "शेठ, वरून लांबी भरतो आणि ठिपके मारतो. या रंगात खालचे काही दिसत नाही. वर चटई पडणार. उघडून बघतंय कोण?"

खरे सांगतो, मला त्याचे म्हणणे पटले. नवा पत्रा घालायचा म्हणजे डिकीच्या तळाखालची पेट्रोलची टाकी उतरवणे आले, कारण टाकी जागेवर असताना तेथे वेल्डिंग करणे म्हणजे जिवाशी खेळ. काम आठ दिवस लांबणार, खर्च वाढणार, आणि तिकडे पावसाळ्यापूर्वी माळवद पुरे व्हायला हवे होते. मी मान हलवण्याच्या बेतात होतो. काकासाहेब स्टुलावर बसून सगळे ऐकत होते.

"पोत्यातला माल वरून एक आणि खालून दुसरा, असे आपल्या पेढीवर कधी झाले आहे?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "काका, हे धान्य नव्हे. जुनी गाडी आहे. घेणाऱ्यालाही ठाऊक असते."

"ठाऊक असते तर त्याला दाखवायला हरकत काय?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पेंटरही गप्प झाला. मग काकासाहेबच समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे बघ, पोचे आहेत ते राहू दे. ठिपके त्यांच्यावरच मारायचे, त्याचसाठी ते आहेत. पण पोचा झाकणे वेगळे आणि भोक झाकणे वेगळे."

टाकी उतरवली. सडलेला पत्रा निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढला, नवा तुकडा बसवला, सांधे भरले. उरलेला गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने लख्ख केला. त्यावर इपॉक्सी प्रायमर दिला. पाण्यातला रंग उघड्या लोखंडावर पडला तर वाळता वाळताच खालून गंज धरतो, म्हणून ही पायरी चुकवून चालत नाही. दिव्यांच्या वायरी, कुलूप, रबराच्या कडा कागदाने आणि टेपने झाकल्या, तोंडाला मास्क बांधून पेंटरने आधी कोपरे, मग बाजू आणि शेवटी तळ अशा क्रमाने दोन हात मारले. फाल्गुनातली कोरडी हवा होती, रंग लवकर धरला. पूर्ण वाळल्यावर वरून बिनचमकीचा पारदर्शक हात दिला, कारण हा रंग मऊ असतो आणि सामानाच्या घर्षणाने उडतो. काम संपल्यावर पेंटर बराच वेळ डिकीत वाकून पाहत उभा होता. कापण्यापूर्वीच्या पत्र्याची छायाचित्रे मी काढून ठेवली होती, काकासाहेबांच्या सांगण्यावरून.

अशा रीतीने आम्ही खर्ड्याला निघालो. वाटेत काकासाहेबांनी दर मालमोटारीला मान बाहेर काढून पाहिले. आष्टीच्या पुढे एकदा मला रस्ता मोकळा वाटला, पण ते म्हणाले, "थांब," आणि लगेच समोरून एसटी गेली.

गाव जवळ आले तसा काळ्या दगडी तटाचा किल्ला दिसू लागला. निंबाळकर हे निजामाच्या पदरचे सरदार. गावात त्यांची गढी आणि गावाच्या आग्नेयेस हा चौकोनी भुईकोट किल्ला. याच परिसरात ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची प्रसिद्ध लढाई झाली. सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणीसांनी शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशा साऱ्यांना एकत्र आणले, आणि निजाम अली खानाने माघार घेऊन याच किल्ल्याचा आश्रय घेतला. दोनच दिवसांत त्याने तहाची बोलणी लावली. मुलूख आणि कोट्यवधींची रक्कम देण्याचे कबूल केले, आपला दिवाण मराठ्यांच्या हवाली केला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशव्यांचा अकाली मृत्यू झाला आणि कबूल झालेल्यातले बरेचसे पदरात पडलेच नाही. खर्ड्याच्या बाजारपेठेत वाढलेल्या काकासाहेबांच्या तोंडी या लढाईचा निष्कर्ष ठरलेला असे, "कागदावरचा सौदा वेगळा आणि वखारीत उतरलेला माल वेगळा."

दुसऱ्या दिवशी पुण्याहून संग्राहक आले. गाडीला एक प्रदक्षिणा घालून त्यांनी डिकी उघडली, ठिपक्यांवरून हात फिरवला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "अगदी कारखान्यातून निघाल्यासारखी आहे." येथे गप्प बसलो असतो तर व्यवहार तेथेच पुरा झाला असता. मी चटई बाजूला केली, छायाचित्रे त्यांच्या हाती दिली आणि कोणता तुकडा नवा आहे ते बोटाने दाखवले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, मूळ तळ शाबूत असता तर गोष्ट निराळी होती, आणि ठरल्या रकमेतून त्यांनी बरीच कपात सुचवली. मी काकासाहेबांकडे पाहिले. त्यांनी मान डोलावली. मिळालेल्या पैशांत माळवदाचा पुढचा भाग झाला. मागच्या भागावर यंदाही ताडपत्री घालावी लागली, आणि घरात त्यावरून थोडी कुरबुरही झाली. ती अजून पुरती शमली आहे असे म्हणता येणार नाही.

गाडी देण्यापूर्वी काकासाहेबांची एक इच्छा होती. संध्याकाळी आम्ही दोघे किल्ल्यापर्यंत एक फेरी मारून आलो. तटाच्या सावलीत थोडा वेळ थांबलो, फारसे बोललो नाही. परतताना समोर उसाने भरलेली ट्रॉली होती आणि तिच्यापलीकडचे मला काही दिसत नव्हते. काकासाहेबांनी सवयीने मान बाहेर काढली, नीट पाहिले आणि म्हणाले, "साफ आहे. घे."

मी गाडी पुढे घेतली.