बर्फाचे आरक्षण होत नाही

सहलीची आखणी प्रत्यक्ष सहलीइतकीच आनंददायी असते, असे म्हणतात. आम्हा उभयतांस मात्र या आखणीने बरेच दिवस विचारात पाडले. थोरली कन्या पुढील वर्षी शिक्षणासाठी परदेशी जावयाची आहे. तत्पूर्वी चौघांनी मिळून काश्मिरातील गुलमर्गला जावे आणि बर्फावर स्कीइंग शिकावे, ही तिची इच्छा. अशी एकत्र सुट्टी पुन्हा केव्हा लाभेल, कोणास ठाऊक!

पहिला प्रश्न दिवसांचा. आमच्या वसईत मुलांना सुट्टी नाताळात. काश्मिरातील 'चिल्लई कलान', म्हणजे चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी, २१ डिसेंबरला नुकती सुरू झालेली असते. घसरण्याजोगा जाड थर साठतो तो बहुधा जानेवारीत. शिवाय घरी आई आहे. तिने ऐंशी ओलांडली आहे. नात दूर जाणार, हे ती जाणते. ती काही बोलली नाही. नाताळच्या करंज्यांसाठी यंदा खोबरे जरा अधिक आणा, एवढेच तिने सांगितले. आम्ही समजलो. नाताळ घरीच करावयाचा आणि जानेवारीच्या अखेरीस निघावयाचे, असे ठरले. धाकट्याची शाळा आठवडाभर बुडेल. ती बुडू द्यावी.

दुसरा प्रश्न खर्चाचा व सुरक्षिततेचा. स्की, बूट व काठ्या तेथे भाड्याने मिळतात. विकत घ्यावयाचे ते हातमोजे, काळा चष्मा आणि पाणी न शिरणारी विजार. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, आणि गंडोला जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेतो. तथापि नवशिक्यांचे उतार खालीच असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये वरच्या उतारांवरील हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू मृत्युमुखी पडला. म्हणून प्रशिक्षकाला सोडून कोठेही जावयाचे नाही, हा नियम आम्ही आधीच घालून दिला आहे.

राहिला प्रश्न बर्फाचा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी वारे रुसले, की हिमवृष्टी होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. तिकिटांचे आरक्षण होते, खोलीचे होते. बर्फाचे होत नाही.

यास्तव पाच दिवस गुलमर्ग आणि दोन दिवस श्रीनगर अशी विभागणी केली आहे. बर्फ नसेल, तर दल सरोवराकाठी अधिक राहू. "बर्फ नसला तर कहवा पिऊन या, पण चौघे एका खोलीत राहा," असे आईने बजावले आहे. हॉटेलला तसेच कळविले आहे. एका खोलीत चार खाटा मिळतील, असे उत्तर आले आहे.