संसद मार्गावरची रांग

दिल्लीत पटेल चौक मेट्रो स्थानकातून वर आले की संसद मार्ग लागतो. एरवी हा रस्ता साहेब लोकांचा. रिझर्व्ह बँक, आकाशवाणी, नीती आयोग अशा मोठमोठ्या कचेऱ्या याच रस्त्यावर आहेत. पण १४ एप्रिलला हा रस्ता आपला असतो. दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकाने, निळे झेंडे, बुद्धमूर्ती, बिल्ले, कॅलेंडरे. ठिकठिकाणी पुरी-भाजीचे आणि सरबताचे मोफत वाटप. पंजाबातून, हरियाणातून, उत्तर प्रदेशातून ट्रॅक्टर आणि बस भरून माणसे आलेली. भाषा वेगळी, पागोटी वेगळी, पण समोर आले की "जयभीम" एकच. चैत्यभूमीचा आणि दीक्षाभूमीचा जनसागर पाहिलेल्या आमच्या डोळ्यांनाही हे दृश्य नवे होते.

आम्ही भुसावळहून चौदा जण गेलो होतो. विहाराच्या महिला मंडळातल्या सहा जणी, रेल्वेतून निवृत्त झालेले दोन काका, महाविद्यालयातली चार मुले आणि आम्ही कार्यकर्ते दोघे. झेलम एक्स्प्रेसने प्रवास झाला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा दुसऱ्या दिवसापर्यंत पुरला, हे महिला मंडळाचे श्रेय! सकाळी प्रथम २६, अलीपूर रोड येथे गेलो. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे अखेरचा श्वास घेतला ती ही जागा. २०१८ साली तेथे उघड्या पुस्तकाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक झाले आहे. तेथे वंदना घेऊन तडक संसद मार्ग गाठला आणि पुतळ्याच्या दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो.

रांग लांब होती. हाती वेळ होता आणि खिशात वही होती. आम्ही पडलो कारकून, नोंदी केल्याशिवाय राहवत नाही. मागेपुढे उभ्या असलेल्या माणसांना आम्ही एकच प्रश्न विचारीत गेलो : समोरच्या संसदेबद्दल तुम्हाला काय वाटते?

मेरठकडचे एक वृद्ध गवंडी म्हणाले, "बाबासाहब का घर है." हरियाणातले एक शिक्षक म्हणाले, "टीव्हीवर पाहतो. नुसता आरडाओरडा. पोरांनी वर्गात असे केले तर मी बाकावर उभे करीन." एक ताई कडेवर मूल घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मत देतो, मग पाच वर्षे आमचा आणि त्यांचा काय संबंध?" आमच्याच गटातला एक मुलगा म्हणाला, "आपल्या माणसांना तिथे कोण विचारतो?" आमच्या मंडळातल्या एका अक्कांची समजूत होती की बाबासाहेब लोकसभेत निवडून गेले होते.

अक्कांना तेथेच सांगावे लागले. १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव झाला. ज्यांनी प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले, त्यांना त्या मतावर लोकसभेत कधीच जाता आले नाही. ते राज्यसभेत गेले. त्याआधी १९५१ साली हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याची कारणे सभागृहात सांगायला ते उभे राहणार, तर निवेदनाची प्रत आधी दाखवा म्हणून अडवले गेले. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि ते निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती गेले. हे ऐकून अक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे बायांसाठी मंत्रिपद सोडलं, आन् बायांनाच ठाव नाही."

वहीत नोंदी वाढत गेल्या तशी एक गोष्ट ध्यानात आली. श्रद्धा आणि वैताग, दोन्ही भरपूर होते. पण "तुमच्या खासदाराने मागच्या अधिवेशनात काय प्रश्न विचारला?" असे विचारले की एकालाही सांगता येईना. रांगेत आमदार, नगरसेवक, सरपंच यांची कुंडली पाठ असलेली माणसे होती. खासदार मात्र फक्त पोस्टरवर पाहिलेला.

पूर्वी असे होते का? राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेपुढे होता त्या काळात प्रेक्षक गॅलरीत ५३ हजार माणसे येऊन बसून गेली, असे डॉ. राजेंद्रप्रसादांनी २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सांगितले होते. फाळणीच्या धगीत, रेल्वेगाड्यांचे हाल असताना, ५३ हजार! आज गॅलरीत बसायचे तर खासदाराच्या शिफारशीचा पास लागतो. हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याची जबाबदारी मी घेतो, असे खासदाराने लिहून द्यायचे असते. एका मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार. त्यांतल्या कितीजणांना खासदार ओळखणार? १३ डिसेंबर २०२३ रोजी दोन तरुणांनी गॅलरीतून सभागृहात उडी मारून रंगीत धूर सोडला, तेव्हा काही काळ पास देणेच बंद झाले होते. सुरक्षा हवी, याबद्दल वाद नाही. पण दार अरुंद झाले की आतल्याला बाहेरचा आवाज कमी ऐकू येतो, हेही खरे.

आतल्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या सतराव्या लोकसभेच्या झाल्या २७४. आमच्या कचेरीत वर्षाला पंचावन्न दिवस हजेरी लावली असती तर काय झाले असते ते सांगायला नको! त्याच लोकसभेला पाच वर्षांत उपसभापती मिळाला नाही, आणि डिसेंबर २०२३ च्या एकाच अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. त्या हरियाणाच्या गुरुजींचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते.

रांग पुढे सरकली. जुनी गोल इमारत दिसू लागली. २०२३ पासून तिला संविधान सदन म्हणतात आणि कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत चालते. जुन्या लोकसभागृहात सभापतींच्या आसनामागे "धर्मचक्र प्रवर्तनाय" ही अक्षरे आहेत. सारनाथला तथागतांनी जे चक्र फिरवले त्याची आठवण देशाच्या सभागृहात कोरलेली आहे, हे सांगताच मंडळातल्या बायांनी तेथूनच हात जोडले.

मग बाबासाहेबांचा पुतळा. साडेबारा फुटांचा, ब्राँझचा, शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवलेला. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते २ एप्रिल १९६७ रोजी त्याचे अनावरण झाले. २०२४ साली हा पुतळा इतर पुतळ्यांबरोबर संसदेच्याच आवारात 'प्रेरणा स्थळ' येथे हलवला. त्या वेळी त्यावरून बरेच वादळ उठले होते.

पुतळ्यासमोर फूल ठेवताना आमच्यातले एक निवृत्त काका थांबले. मागच्यांनी "चला, चला" केले तरी ते हलेनात. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझा बाप चौसष्टच्या सत्याग्रहात जेलात गेला होता. त्याला वाचता येत नव्हतं. पण मागण्या तोंडपाठ होत्या."

त्या मागण्या आजच्या पिढीला सांगितल्या पाहिजेत. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने संसदेवर मोर्चा नेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले. पडीक जमिनी भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, धान्याचे भाव आटोक्यात आणा, या मागण्या होत्याच. शिवाय बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लावा आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना सवलती द्या, याही होत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला. लाखोंनी अटक करून घेतली. बाया तान्ही लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या.

संसदेने ऐकायला किती वेळ घेतला? तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० रोजी. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती देणारी दुरुस्ती संसदेने मंजूर केली तीही १९९० सालीच, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना. म्हणजे सव्वीस वर्षे. धर्मांतरापासून मोजले तर चौतीस. महाराष्ट्राने १९६० पासून राज्याच्या सवलती दिल्या होत्या, पण रेल्वे, पोस्ट, बँका आणि केंद्राच्या कचेऱ्यांत बौद्ध म्हणून लिहिले की दार बंद. त्या काळात नोकरीसाठी दाखल्यावर जुनी जात ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. काकांचे वडील १९९० पाहायला नव्हते. काकांच्या मुलीला मात्र त्याच दुरुस्तीमुळे केंद्र सरकारात नोकरी लागली.

सव्वीस वर्षे हा उशीर संतापजनकच आहे. पण त्या सव्वीस वर्षांत निवेदने थांबली नव्हती, मोर्चे थांबले नव्हते. आणि ऐकायला नेहमी इतका वेळ लागतो असेही नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ॲट्रॉसिटी कायदा बोथट झाला, २ एप्रिलला भारत बंद झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून कायदा पूर्ववत केला.

परतीच्या गाडीत हीच चर्चा. मुलांना आम्ही संसदेच्या कामाची कारकुनी बाजू सांगितली, कारण ती भाषणांत येत नाही. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. अतारांकितला लेखी उत्तर मिळते. मंत्र्याने "माहिती गोळा करीत आहोत" म्हटले तर ते आश्वासन धरले जाते, ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि त्यावर नजर ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे. याचिका समिती आहे. तिच्याकडे कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडायचे. अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीत दोन्ही सभागृहांचे तीस सदस्य असतात. ही समिती बँका आणि सरकारी उपक्रमांचा आरक्षणाचा हिशेब तपासायला गावोगाव येते, त्या वेळी कर्मचारी संघटनांना आपले म्हणणे मांडता येते. बॅकलॉगचे आकडे घेऊन अशा समितीपुढे बसलेला माणूस तासभर भाषण करणाऱ्यापेक्षा जास्त काम करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खांडवा मागे पडले तोवर मुलांनी एक पत्र तयार केले. आपल्या जिल्ह्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे किती विद्यार्थ्यांचे पैसे थकले, केंद्राचा साठ टक्के हिस्सा कोणत्या महिन्यात जमा झाला आणि विलंबाला जबाबदार कोण, हा प्रश्न आपण लोकसभेत लेखी विचारावा, अशी खासदारांना विनंती. चौदा सह्या झाल्या. अक्कांनी पहिली सही केली, वळणदार, पूर्ण नावाची. गावी आल्यावर पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोचपावती आली आहे, विहाराच्या फलकावर लावली आहे. पुढचे अधिवेशन सुरू झाले की मुले उत्तरांच्या याद्या तपासणार आहेत. उत्तर आले तर याच पानावर छापायला देऊ. न आल्यास दुसरे पत्र तयार आहे, आणि त्यावर सही करायची ज्यांची इच्छा असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे.