विसरण्याचा काढा

ब्रेननबर्गच्या किल्ल्यातल्या कैद्यांना एक काढा पाजला जायचा. तो प्यायला की झालेला छळ माणूस साफ विसरून जायचा. यात दयेचा लवलेश नव्हता. त्याच त्या यातना पुन्हा पुन्हा दिल्या की माणूस निबर होतो, भीतीसुद्धा अंगवळणी पडते. आणि किल्ल्याचा मालक अलेक्झांडर याला हवा असलेला द्रव ताज्या, कोऱ्या भीतीतूनच निघायचा. म्हणून काढा. रोजचा छळ पहिलाच वाटावा म्हणून.

‘ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट’ या गेममधली ही गोष्ट. हेल्सिंगबोर्ग या स्वीडनमधल्या गावातल्या फ्रिक्शनल गेम्स नावाच्या छोट्या कंपनीने २०१० च्या सप्टेंबरमध्ये तो बाजारात आणला. त्यानंतर लवकरच मी आणि धाकटा भाऊ मीरा रोडच्या घरात तो खेळायला लागलो. खाडीपलीकडे नायगाव-वसईला तेव्हा भारनियमन असायचं. आमच्याकडे मुंबई उपनगराची वीज, त्यामुळे अंधार आम्हाला पडदे ओढून करावा लागे. हेडफोन एकच होता. ज्याच्या कानावर तो असेल त्याची हालत पाहून दुसऱ्याने घाबरायचं.

घाबरण्यासारखं होतंच. २००४ च्या ‘डूम ३’मध्ये बॅटरी धरली तर बंदूक धरता येत नसे, पण निदान बंदूक जवळ तरी असे. इथे हत्यारच नाही. कंदील आहे, तोही तेल असेपर्यंत. उजेडात उभं राहिलं तर राक्षस बघतो. अंधारात लपलं तर नायकाचं, डॅनियलचं, मन ढासळायला लागतं, दात करकरतात, समोरचं सगळं डोलायला लागतं. राक्षसाकडे नुसतं पाहिलं तरी तेच. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे बघायचीही चोरी! म्हणून कित्येक दिवस आम्ही त्याला नीट पाहिलेलंच नव्हतं. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि पावलं दूर जायची वाट बघायची.

आता इतक्या वर्षांनी पुन्हा खेळताना मी त्याला पाहिलं. फाटलेला जबडा, कळसूत्री चाल. तो बिचारा आता जुना झाला आहे. गेम करणाऱ्यांना हा धोका आधीच कळला असावा. गेममध्ये मरून परत उठलात तर राक्षस पूर्वीच्या जागी असेलच असं नाही. कधी तो नसतोच. तोच राक्षस त्याच वळणावर दुसऱ्यांदा भेटला तर त्याचा नुसता अडथळा होतो. अलेक्झांडर कैद्यांना काढा देत होता, यांनी खेळणाऱ्यासाठी हा उपाय केला. पण पंधराएक वर्षांच्या सवयीवर तो पुरा पडत नाही.

दारं मात्र अजून तशीच घाबरवतात. बटण दाबलं आणि दार उघडलं, असं इथे नाही. माउसने दार पकडायचं आणि हात जेवढा हलेल तेवढंच ते उघडायचं. बोटभर फट ठेवून बाहेर डोकावता येतं. पाठलाग सुरू झाला की ओढायचं दार हात ढकलत बसतो. भीती मनातून गेली तरी हातातून जात नाही, हे मला तिथे कळलं.

आणि पाणी. तळघरात पाणी साचलंय, त्यात काहीतरी आहे, ते दिसत नाही. दिसतात ते फक्त पावलागणिक उडणारे शिंतोडे, तुमच्याकडे येणारे. खोक्यावरून खोक्यावर उड्या मारायच्या, मांसाचा तुकडा लांब फेकून त्याला तिकडे गुंतवायचं, तेवढ्यात दार गाठायचं. मीरा-भाईंदरच्या माणसाला ही भीती शिकवावी लागत नाही. मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की रस्त्यावर गुडघाभर गढूळ पाणी असतं. गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही ते वरून कळत नाही. बायका-माणसं दुभाजक धरून, पुढच्याने पाऊल टाकलं तिथेच पाऊल टाकत, स्टेशनवरून घरी येतात. कोकणात आजी गिऱ्ह्याच्या गोष्टी सांगायची, पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. तो तळघरातला अदृश्य प्राणी मला स्वीडनचा कधी वाटलाच नाही.

या खेपेला मी चिठ्ठ्या वाचल्या. लहानपणी राक्षसापुढे त्यांना वेळ नव्हता. १८३९ चं साल. लंडनच्या डॅनियलला अल्जीरियातल्या एका थडग्यात एक गोलक सापडतो आणि एक सावली त्याच्या मागे लागते. तुला वाचवतो, असं अलेक्झांडर म्हणतो; पण त्यासाठी तो द्रव हवा, आणि द्रवासाठी कैदी. हे खुनी आहेत, गुन्हेगार आहेत, असं डॅनियलला सांगितलं जातं, आणि त्याला तेवढं पुरतं. एक-एक पान उलटत जावं तसा सुशिक्षित, भेदरलेला, चांगल्या घरचा मुलगा छळाच्या खोलीत स्वतःच्या हाताने काम करायला लागतो. त्याचा स्वर कुठेही राक्षसी होत नाही. तो कारणं देत राहतो, आणि प्रत्येक कारण त्या-त्या दिवशी पटण्यासारखं असतं. मी मध्येच खेळ थांबवून उठलो तो इथे.

मग त्याला ते सहन होईना, तेव्हा त्याने काढा घेतला. कैद्यांना पाजला जायचा तोच. शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःचंच पत्र सापडतं: विसरायचं तू स्वतः ठरवलंस, आता जा आणि अलेक्झांडरला मार.

शेवट तीन आहेत. पूर्वी आम्ही खांब पाडून अलेक्झांडरचा बेत उधळला होता. डॅनियल किल्ल्याबाहेर उजेडात चालत गेला आणि आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. आता मला तो शेवट मान्य नाही. आपण केलेल्याची भरपाई झाली, असं डॅनियलने स्वतःच ठरवायचं आणि चालू पडायचं, हे मला पटत नाही. ज्यांना त्याने टेबलाला बांधलं होतं त्यांना कुणी विचारलेलं नाही. या वेळी मी खांबांना हात लावला नाही.