आईच्या पाटल्या

एमआरआयचा रिपोर्ट हातात देण्याआधी डॉक्टरांनी स्क्रीनवरचं चित्र दाखवलं. "हे बघा मॅडम, आतलं आवरण फाटून दुमडलंय. नूडल्ससारखं दिसतंय ना?" मला नूडल्स आठवले नाहीत. शहापूरच्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर आई उन्हाळ्यात काठीवर शेवया वाळत घालायची, त्या आठवल्या. माझ्या डाव्या छातीत पंधरा वर्षं बसलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलं होतं. केव्हा फुटलं, ते मला कळलंही नव्हतं.

हे असं छापून सांगावं का, याचा बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे गुडघा बदलला तर चार घरी पेढे जातात, मोतीबिंदू काढला तर भेटायला माणसं येतात. पण हा अवयव असा, की त्याचं नावसुद्धा आपण "तिथं", "त्या जागी" असं घेतो. वर्गात मुलांना मी आत्मचरित्रं शिकवते, मोकळेपणाने लिहा म्हणून सांगते. मग स्वतःच कशाला लपवायचं?

2009 साली मी एकतीस वर्षांची होते. लेक तीन वर्षांची होती. आंघोळ करताना गाठ हाताला लागली आणि महिन्याभरात "कॅन्सर" हा शब्द आमच्या घरात मुक्कामाला आला. डावा स्तन काढावा लागला. त्याच वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, "वय कमी आहे, पुन्हा बसवून देऊ का?" विचारलं मला, पण उत्तर दिलं आईनं. "द्या बसवून. पोरीचं सगळं आयुष्य पडलंय अजून." खर्च बराच होता. हे तेव्हा बँकेत नवीन, घराचं कर्ज डोक्यावर. दुसऱ्या दिवशी आईच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या दिसल्या. तिच्या लग्नातल्या दोन पाटल्या गणपत गल्लीतल्या सराफाकडे गेल्या होत्या.

आधी स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवली. दर पंधरा दिवसांनी तिच्यात सुईनं सलाईन भरून कातडी हळूहळू ताणली. मग 2010 मध्ये ती काढून कायमचं इम्प्लांट बसवलं. "कायमचं" हा शब्द माझा. हे कधीतरी बदलावं लागतं, असं तेव्हा कुणी सांगितलं असेलही. केमो आणि रेडिएशन यांच्या धबडग्यात माझ्या कानात शिरलं नसेल. जगायचं होतं, फळ्यासमोर पुन्हा उभं राहायचं होतं. पदर दोन्हीकडून सारखा बसला, की मला पुरे होतं.

त्याने माझं काम चोख केलं, हे आधी सांगते. ब्लाउज शिवताना टेलरला काही सांगावं लागलं नाही. स्टाफरूममध्ये नव्याने आलेल्या कुणाला कधी शंका आली नाही. पण ते माझं अंग नव्हतं. तिथं स्पर्श कळत नव्हता. लेक धावत येऊन बिलगायची, तेव्हा तिचा अर्धा स्पर्श मला मिळायचाच नाही. आणि बेळगावची डिसेंबरातली सकाळ! अंगावर स्वेटर, वरून शाल, तरी डाव्या बाजूला आत कुणीतरी गार पाण्याची पिशवी ठेवल्यासारखं वाटायचं.

वर्षं गेली. उजवी बाजू माझ्याबरोबर सत्तेचाळीसची झाली, डावी एकतीसचीच राहिली. उलट ती वर सरकत चालली, घट्ट होत चालली. माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला, की आत ओढ बसायची. शरीर कुठल्याही बाहेरच्या वस्तूभोवती एक पापुद्रा तयार करतं. काहींच्या बाबतीत तो आवळत जातो आणि इम्प्लांट दगडासारखं कडक होतं. रेडिएशन घेतलेल्यांत हा त्रास जास्त. माझ्या बाबतीत एकाच वेळी दोन गोष्टी झाल्या होत्या. पापुद्रा आवळला होता आणि आतलं आवरणही फाटलं होतं. जेल त्या पापुद्र्यातच अडकून राहिली होती, म्हणून घाबरण्याचं कारण नव्हतं. "आज-उद्या करण्याइतकी घाई नाही, पण असंच ठेवूही नका," डॉक्टर म्हणाले.

माझा पहिला प्रश्न तोच, जो कुणाचाही असेल. याच्यामुळे कॅन्सर परत येईल का? तसं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. काढलं म्हणून जुना आजार परतण्याचा धोका कमी होत नाही, ठेवलं म्हणून वाढत नाही. मग त्यांनी वाटा सांगितल्या. जुनं काढून नवीन बसवायचं. किंवा पोटाची वा पाठीची आपलीच चरबी-कातडी घेऊन आकार द्यायचा. ते ऑपरेशन कित्येक तासांचं, पण बाहेरची वस्तू आत राहत नाही. किंवा काढायचं आणि जागा सपाट शिवून टाकायची. "काढायला हवं एवढं मी डॉक्टर म्हणून सांगतो. त्यानंतर काय, ते तुम्ही ठरवायचं."

घरी आल्यावर कपाटातली जुनी फाईल काढली. तिच्यात इम्प्लांटचं कार्ड होतं. त्यावर कंपनीचं नाव, आकार, लॉट नंबर. याआधी ते एकदाच शोधलं होतं, 2019 च्या जुलैमध्ये. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटभोवती एक विरळा लिम्फोमा होतो, म्हणून अ‍ॅलर्गन कंपनीनं आपली बायोसेल जातीची इम्प्लांट जगभरातून परत मागवली, ती बातमी वाचून माझे हात थरथरत होते. माझं गुळगुळीत जातीचं निघालं. कार्ड परत फाईलमध्ये ठेवलं आणि विसरून गेले. खरं तर तेव्हाच तपासणी करायला हवी होती. अमेरिकेची एफडीए ही संस्था सांगते, की सिलिकॉनचं इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. कारण ते न दुखता, न सांगता फुटू शकतं. 2021 साली त्यांनी कंपन्यांना ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, की ही वस्तू आयुष्यभर टिकणारी नाही.

वाचता वाचता एका बाईची गोष्ट सापडली. टिमी जीन लिंडसे. अमेरिकेत ह्यूस्टन इथं 1962 साली सिलिकॉन जेलची इम्प्लांट पहिल्यांदा बसवली, ती हिला. क्रोनिन आणि जेरो या दोन डॉक्टरांनी. ही सहा लेकरांची आई दवाखान्यात गेली होती अंगावरचं गोंदण काढून घ्यायला. त्यांनी विचारलं, प्रयोगाला तयार आहेस का? तिला खरी हौस होती बाहेर आलेले कान नीट करून घ्यायची. तेही करून देतो म्हटल्यावर ती हो म्हणाली. पन्नास वर्षांनी, ऐंशीच्या घरात असताना तिनं मुलाखती दिल्या, तेव्हाही ती इम्प्लांट तिच्या अंगात होती. मला हसू आलं आणि गलबललंही. मी तरी काय मागायला गेले होते? गाठ काढायला गेले होते. बाकीचं दुसऱ्यांनी विचारलं आणि दुसऱ्यांनीच "हो" म्हटलं.

आता विचारलं जात होतं मला, आणि मला उत्तर येत नव्हतं.

यांना विचारलं तर म्हणाले, "तुला वाटेल ते कर. माझी काही हरकत नाही." ऐकायला किती चांगलं! पण मला रागच आला. हरकत नाही म्हणजे काय? भाड्याच्या खोलीला रंग कुठला द्यायचा, असं विचारत होते का मी? दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. तिसऱ्या रात्री दिवा घालवल्यावर अंधारात त्यांचा आवाज आला, "ननग अंजिकी बरतैति." हे माझ्याशी मराठीत बोलतात, आईशी कन्नडमध्ये. अगदी आतलं काही असलं की भाषा आपोआप बदलते. मग सांगत राहिले. 2009 साली ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर सहा तास कसे काढले. मांडीवर झोपलेली लेक. आतून कुणी येईना. "तुझ्या दिसण्याचं मला काही नाही गं. तुला पुन्हा त्या दारातून आत जाताना बघायचं, याचीच भीती वाटते." सोळा वर्षं त्यांनी हे पोटात ठेवलं होतं. त्या रात्री मला एवढं कळलं, की ऑपरेशन जेवढं लहान आणि जेवढ्या कमी वेळा, तेवढं आम्हा दोघांना बरं.

मग लेक. ती आता एकोणीस वर्षांची, धारवाडला शिकते. फोनवर म्हणाली, "आई, काढून टाक. असली ओझी बायकांनीच का वागवायची?" तिचं बरोबर होतं, पण एवढं सोपं नव्हतं. तपासणीच्या वेळी निपाणीची एक बाई भेटली होती, माझ्याच वयाची. तिनं जुनं काढून नवीन बसवून घेतलं. "मला आरशात मीच दिसायला हवी," असं ती म्हणाली, आणि आज खूश आहे. तिला कोण चुकीचं म्हणणार? तिला रेडिएशन झालेलं नव्हतं. पुन्हा आवळण्याचा धोका तिला कमी होता. मला तसं नव्हतं. आज नवीन बसवलं, तर साठीनंतर कधीतरी पुन्हा हाच रिपोर्ट आणि पुन्हा हाच प्रश्न.

आकडेमोड अशी सगळी "काढ" म्हणत होती. तरी मन अडत होतं. कुठं अडतंय ते एका दुपारी उमगलं. अत्तींबरोबर शेंगा निवडत बसले होते. आमच्या अत्ती बैलहोंगल भागातल्या, मराठी समजतं पण बोलतात कन्नडच. त्यांनी काही विचारलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघून गेलं, "अत्ती, ते आईच्या पाटल्यांचं आहे हो."

आई 2018 साली गेली. तिच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. त्या मोडून तिनं मला जे दिलं, ते आता मी कचऱ्यात टाकायला निघाले होते. आज सोन्याचा भाव काय आहे, त्या हिशेबानं त्या पाटल्यांचे किती झाले असते, हे यांनी एकदा कागदावर मांडलं होतं आणि मग कागद घडी घालून खिशात ठेवला होता. पण माझं अडणं पैशाचं नव्हतं. तिच्या मोकळ्या मनगटाकडे बघून मी तेव्हा रडलेसुद्धा नव्हते. रडायला वेळच नव्हता.

अत्तींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि टरफल बाजूला सारलं. म्हणाल्या, तुझ्या आईनं पाटल्या वस्तूसाठी मोडल्या नाहीत, तू उठून उभी राहावीस म्हणून मोडल्या. तू उभी राहिलीस. पंधरा वर्षं पोरांना शिकवलंस. तिचे पैसे वसूल झाले. मग जरा थांबून म्हणाल्या, "नोडव्वा, मै निंद. हेळाकी नीन." बघ बाई, अंग तुझं, सांगणारी तूच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी स्वतः फोन केला. कुणाला विचारलं नाही. "काढायचं, आणि नवीन बसवायचं नाही," हे वाक्य बोलताना आवाज थोडा कापला, पण बोलले.

ऑपरेशन दोन तासांत झालं. फुटलेलं इम्प्लांट, त्यातली जेल आणि तो आवळलेला पापुद्रा काढला. पापुद्र्याचा तुकडा तपासणीला पाठवला, तो स्वच्छ आला. काही दिवस बगलेजवळ ड्रेनची नळी होती. पट्ट्या निघाल्या तेव्हा आरशासमोर मी एकटीच उभी राहिले. सगळं छान वाटलं, असं लिहिणार नाही. सपाट छाती, आडवा व्रण, खाली बरगड्यांची रेघ. एक वाईट दुपार गेली. सोळा वर्षांपूर्वी करायचं राहिलेलं रडणं त्या दुपारी झालं.

लेकीनं फोनवर सुती दोऱ्याचा एक नमुना शोधून आणला. आत कापूस भरून स्तनाच्या आकाराचं विणून ब्राच्या आत ठेवतात, तसं. अत्तींनी आयुष्यभर क्रोशाची तोरणं आणि रुमाल विणले. त्यांनी चष्मा लावून तो नमुना तीनदा उसवला आणि चौथ्यांदा बरोबर केला. कॉलेजला जाताना कधी तो घालते, कधी नाही. ज्या दिवशी घालत नाही, त्या दिवशी पदर थोडा वेगळा घ्यावा लागतो. वर्गात कुणाचं लक्ष गेलं असेल तर असो.

ज्या मैत्रिणींच्या अंगात, कुठल्याही कारणानं का असेना, अशी वस्तू असेल, त्यांना दोनच गोष्टी सांगते. तिचं कार्ड शोधून जपून ठेवा आणि दुखत नसलं तरी तपासणी करून घ्या. फुटलं म्हणजे जीवावर बेतलं असं नाही. विचार करायला वेळ मिळतो, तो घ्या. बदलायचं की काढायचं, याचं उत्तर माझ्याकडून घेऊ नका. निपाणीच्या बाईचं उत्तर वेगळं होतं आणि तेही खरंच होतं.

परवा पहाटे गारठा चांगलाच होता. अंगणात शाल गुंडाळून चहा घेत उभी होते, आणि लक्षात आलं, डाव्या बाजूला गार वाटत नाहीये. अत्ती तुळशीला पाणी घालत होत्या. माझ्याकडे वळून बघितलं आणि विचारलं, "हगुर आतेनव्वा?"

"हौदु, अत्ती," मी म्हटलं. हलकं वाटतंय.