अडीच तास पुढे

महाबळेश्वरसुद्धा ‘पुढच्या वर्षी’वर ढकलणारा मी, लग्नाच्या बाविसाव्या वर्षी सौ.ला घेऊन एकदम हाँगकाँगच्या विमानात बसलो. विमान सुटताच तिने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, प्रेम! पण खुर्चीचा म्हणून मी जो पट्टा ओढत होतो, तो तिच्या पर्सचा होता.

तिथे उतरल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. शंभर डॉलरची नोट, पण छापणाऱ्या बँका तीन! दुकानात प्रत्येक नोट उजेडात धरून पाहू लागलो. मागे ही रांग!

“अहो, रजेवर आहात तुम्ही. काउंटरच्या बाहेरच्या बाजूला!” सौ. पुटपुटली.

संध्याकाळी स्टार फेरी. १८८८ पासून बंदराच्या या काठावरून त्या काठावर चाललीय. खालचा मजला स्वस्त, म्हणून सवयीने मी तिकडे वळलो. सौ. न बोलता वरच्या मजल्याकडे निघाली. गेलो मुकाट्याने.

पलीकडे दिवे लागले, पाण्यात उतरले.

“इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे ना?” तिने विचारलं.

“हो.”

“बावीस वर्षं मागे राहिलो. अडीच तास का होईना, पुढे आलो!”

हे अडीच तास परतीच्या विमानात परत करावे लागतात, हा हिशेब जिभेवर आला होता. पण जन्मात पहिल्यांदाच मी तो मांडला नाही.