सौद्याआधीचा डॉक्टर

नागपुरात कुत्र्यामांजरांचा डॉक्टर हवा असेल तर वस्तीवस्तीत मिळतो. गाईम्हशींसाठी सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. घोड्याचा डॉक्टर विचारला की मात्र लोक डोकं खाजवतात आणि शेवटी कुणातरी वरातीच्या घोडीवाल्याचा नंबर देतात. मी घोडेस्वारी शिकवतो. दर हिवाळ्यात शिकणाऱ्यांपैकी कुणालातरी स्वतःचा घोडा घ्यायची हुक्की येते, आणि ती नेमकी सारंगखेड्याच्या यात्रेच्या तोंडावर येते. 'सर, तुम्हीच बघून द्या,' म्हणतात. मी सोबत जातो, पण घोडा तपासायला मी नको हे आधीच सांगून टाकतो. मला घोडे आवडतात. एखाद्याची चाल मनात भरली की त्याच्या पायावरची सूज मला दिसते, पण ती तेवढी मोठी वाटत नाही. तपासणाऱ्याला तो घोडा नकोसा असला तरी चालेल, हवासा नसावा.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. राजस्थानचे मारवाडी, गुजरातचे काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे, सगळे एका मैदानावर. तिथे घोडा पाहायची जुनी रीत आहे. आधी अंगावरच्या केसांचे भोवरे, मग रंग, पंचकल्याण म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं आहे का, मग न हिंदकळवणारी रेवाल चाल. दात सगळ्यात शेवटी. ती रीत मी हसण्यावारी नेत नाही. व्यापारी दात बघून वय सांगतो ते तरुण घोड्याच्या बाबतीत बहुतेक बरोबर असतं, कारण पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात. त्यापुढे अंदाज सैल होत जातो आणि व्यापाऱ्याचा आवाज चढत जातो. भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही. उलट अशुभ भोवऱ्याचा घोडा स्वस्तात सुटतो, तेव्हा माझे कान टवकारतात.

या गर्दीत डॉक्टर आणायचा म्हणजे विकणाऱ्याचा रुसवा ओढवून घ्यायचा. 'आमच्या जनावरावर भरवसा नाही का?' आणि पाठोपाठ, 'डॉक्टर पाहिजे ना, आमचा आहे की इथेच.' तो डॉक्टर कितीही सज्जन असू दे, त्याला नम्रपणे नमस्कार करायचा. त्याचं वर्षभराचं काम विकणाऱ्याच्या तबेल्यात आहे. तुमच्यासाठी एका सकाळी तो किती खरं बोलेल? हीच अडचण दलालाने सुचवलेल्या डॉक्टरची, आणि खरं तर माझ्या मित्राचीही, कारण त्याला माझी मर्जी मोडवत नाही.

मग कोण उरतं? पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर काम केलेले डॉक्टर आहेत. सैन्याच्या रिमाउंट आणि व्हेटरिनरी कोअरमधून निवृत्त झालेले आहेत. आणि आपल्याकडचे दोन-चार, ज्यांनी टांग्याच्या आणि वरातीच्या घोड्यांमध्ये हात मळवले. लोकांना पहिला हवा असतो, कारण तो सोबत पोर्टेबल एक्स-रे आणतो. त्याची नजर पायांतल्या कंडरांवर तयार झालेली असते आणि निवृत्त रेसचा घोडा घ्यायचा असेल तर तोच बोलवावा. पण लहान मुलीसाठी घोडी घ्यायची असेल तर मी तिसऱ्याकडे जातो. त्याच्या हाताखालून धडधाकट घोडे कमी आणि अधू घोडे जास्त गेलेले असतात. अधू घोडा काम कसं करतो, किती वर्षं करतो, हे त्याला ठाऊक असतं.

शिवाय तो नागपूरचा असतो. बाजार डिसेंबरात भरतो, पण घोड्याला काढायचा असतो आपला मे महिना. पंचेचाळीस अंशांत काही घोड्यांचा घाम आटतो. अंग कोरडं, श्वास धापेचा, ताप चढलेला. थंड मुलखातून आलेल्या घोड्याचा मागचा उन्हाळा कुठे गेला हे विचारायला बाहेरच्या डॉक्टरला सुचेलच असं नाही. सर्राचंही तसंच. ग्रिफिथ इव्हान्सने १८८० साली डेरा इस्माइल खानला या रोगाचा रक्तातला परजीवी शोधला, आणि आजही तो चावऱ्या माश्यांमधून पसरतोच आहे. ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो. मधल्या दिवसांत काचेवर रक्त घेतलं तर परजीवी दिसतही नाही, म्हणून एकाच काचेवर निर्धास्त होणारा डॉक्टर मला चालत नाही. ग्लँडर्सची रक्ततपासणी तर सौद्याआधी हवीच. २००६ साली पुणे-पाचगणीत तो पुन्हा डोकं वर काढून गेला. माणसालाही होणारा रोग आहे, आणि घोडा बाधित निघाला तर उपचार नसतात, त्याला मारावंच लागतं.

मी डॉक्टरला फोन करतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ऐकतो. किंमत विचारणारे बरेच असतात. आमच्या एका डॉक्टरांनी विचारलं, 'बसणार कोण, आणि करणार काय?' मी सांगितलं, बारा वर्षांची मुलगी, ट्रॉट-कँटर शिकतेय. पुढचा प्रश्न, 'पहाटे पोचता येईल ना? घोडा खुंट्यावरून सुटताना बघायचाय.' तिथेच त्यांना पक्कं केलं. उन्हं वर येईपर्यंत व्यापाऱ्याच्या माणसाने घोडा दोनदा फिरवलेला असतो. रात्रभर आखडलेला सांधा तोवर सुटतो आणि लंगडणं लपतं.

दोन जनावरं बघायची होती, चार वर्षांचा काळाभोर घोडा आणि चौदा वर्षांची तांबडी घोडी. डॉक्टर घोड्यापाशी गेले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले, हात खिशात. मग मला हळूच म्हणाले, 'ओठ बघा.' खालचा ओठ लोंबत होता, पापण्या जड, इंद्रिय सैल सुटलेलं. गुंगीचं काहीतरी टोचलेलं असण्याची दाट शक्यता. वेदनाशामक दिलं असेल तर असं डोळ्यांना काहीच दिसत नाही. ब्रिटनमध्ये खरेदीपूर्व तपासणीत रक्ताचा नमुना काढून सहा महिने जपून ठेवतात, पुढे घोडा लंगडला तर तो तपासता येतो. इथे विकणारा यात्रा संपली की गाडी भरून पाचशे किलोमीटरवर निघून जातो, तेव्हा त्याच दिवशी काय दिसतं ते नोंदवणं एवढंच हातात असतं. डॉक्टरांनी ते वहीत लिहिलं, व्यापाऱ्यादेखत.

घोडीवर वेळ गेला. चारी पायांवरून तळहात नाही, हाताची मागची बाजू फिरवली, कारण ऊब तिथे आधी कळते. डावा-उजवा सतत ताडून बघत. खुरावर चिमटा दाबला, नाल कशी झिजली ते पाहिलं. मग डांबरी रस्त्यावर लगाम धरून ट्रॉट. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना घोडा मान वर झटकतो. हिची मान सरळ होती. मागचा डावा पाय वर दुमडून मिनिटभर धरला आणि सोडताक्षणी पळवली. पहिली चार-सहा पावलं पुठ्ठा एका बाजूला उचलला जात होता, मग चाल जुळली. नंतर हृदय ऐकलं, पळण्याआधी ऐकलं होतं तसंच. अंधाऱ्या तंबूत डोळ्यांत बॅटरी मारली.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, 'पास का?'

डॉक्टर म्हणाले, 'पास-नापास शाळेत. हिच्या मागच्या सांध्यात म्हातारपण आहे, ते वाढणार. उड्या मारायला लावू नका. थंडीत आधी वीस मिनिटं नुसती चालवा. तुमच्या पोरीच्या कामाला ही पुष्कळ झाली.' काळ्याबद्दल एकच वाक्य, 'त्याला शुद्धीत असताना बघू.' दोन्ही गोष्टी कागदावर लिहून खाली सही आणि नोंदणी क्रमांक घातला. असं लिहून द्यायला जो तयार होत नाही, त्याच्यासोबत मी दुसऱ्यांदा जात नाही.

फी दोन्ही जनावरांची घेतली, जागच्या जागी. सौदा होवो न होवो, ती खरेदीदारानेच द्यायची, नाहीतर डॉक्टरचा कल सौदा जुळण्याकडे झुकतो. वडिलांनी ती दिली, घोडी घेतली, पण मनातून काळा गेला नाही. डॉक्टरला पैसे देऊन दोष असलेलं जनावर घेतलं, असं ते अजून चारचौघांत सांगतात, आणि घोडीला गूळ घालायला मात्र रोज सकाळी स्वतः येतात.