टायरवरचं साल

जुनी, मोठी, परदेशी नावाची गाडी दारात उभी करणाऱ्या माणसाबद्दल माझं मत चांगलं नव्हतं, आणि ते मी कधी लपवलंही नाही. माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात झाली. राहायला मलकापूर, नोकरी कोयना पुलापलीकडे कराडात. महामार्गावरचं गाव म्हटल्यावर गाड्यांची कर्जं कायमचीच. दुधाचे टेम्पो, उसाचे ट्रॅक्टर, ढेबेवाडी आणि पाटणकडे वडाप करणाऱ्या ट्रॅक्स, सगळ्यांचे मालक माझ्या टेबलासमोर बसून गेले. मी आधी आरसी बुकावरचं साल बघायचो, मग माणसाकडे. साल जुनं दिसलं की फाइल मिटायची. बँकेचा नियम तसा होता आणि त्यात वावगं काही नव्हतं. गाडी जेवढी जुनी, तेवढं तारण कमजोर. पण हा नियम गाडीसाठी होता आणि मी तो माणसांना लावत होतो.

एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. एक तरुण ठेकेदार आला होता. पुण्यातल्या कुणाकडून वापरलेली जर्मन गाडी घेत होता, थोडे पैसे कमी पडत होते. त्याच्या हातात जाडजूड फाइल होती. पहिल्या मालकानं केलेल्या प्रत्येक सर्व्हिसिंगची बिलं त्यात लावली आहेत, असं तो सांगत होता. मी ती उघडली नाही. "पैसा धंद्यात घाला, शोबाजीत घालू नका," असं मी त्याला चारचौघांत सुनावलं. कर्ज नाकारणं माझं काम होतं. सुनावणं हे माझं काम नव्हतं. गाडी तो दाखवायला घेऊन आला होता, खाली उभी होती, आणि मी जिना उतरून खालीही गेलो नाही.

माझ्या सासऱ्यांकडे, अण्णांकडे, तसलीच गाडी होती. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचा हळदीचा व्यापार. १९९६ ची मर्सिडीज ई २५० डिझेल, त्यांनी २००४ साली सेकंड हँड घेतलेली. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ ची. पुढच्याच वर्षी पुण्यात टेल्कोच्या आवारात त्यांनी गाड्या जोडायला सुरुवात केली. ही गाडी त्या पहिल्या पिढीतली. एमएच-१२ पासिंग, पाच सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिन, समोरच्या काचेला एकच लांब वायपर. अण्णा त्या गाडीनं मुंबईला जात, कोकणात जात. मी बायकोला म्हणायचो, "तुझे वडील हत्ती पोसतायत." ती उत्तर द्यायची नाही. आता वाटतं, तिनं द्यायला हवं होतं.

अण्णा गेले. गाडी मुलीला द्यायची असं ते सांगून गेले होते, त्यामुळे ती आमच्या दारात आली. मी लगेच एका एजंटला बोलावलं. त्यानं सांगितलेला भाव नव्या मोटारसायकलीच्या किमतीच्या जवळपास होता. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण माझंच खरं ठरलं होतं. माणूस जाऊन महिना झाला नव्हता आणि मला त्याच्या गाडीची किंमत पडल्याचं समाधान वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते. बायको एवढंच म्हणाली, "विकायची नाही. तुम्ही चालवू नका, पण दारात राहू दे."

मग ती दारात राहिली. वर कव्हर. दसऱ्याला धुऊन पुसून झेंडूचा हार, हळदकुंकू, आगाशिवनगरातून एक फेरी, की परत कव्हरखाली. विमा भरलेला, पीयूसी काढलेली, २०२१ ला पासिंगही झालं. कागद सगळे जागच्या जागी, म्हणजे गाडी ठीक आहे, असा माझा समज. दरवर्षी पूजा केली, ऑइल एकदाही बदललं नाही.

पुढच्या वर्षी अण्णांच्या श्राद्धाला सांगलीला त्यांच्याच गाडीतून जायचं, असा बायकोनं आग्रह धरला. पेठ नाक्यावरून गेलो आणि आलोही. गाडी महामार्गाला लागल्यावर इतकी स्थिर चालत होती की मी वेग बघायचंच विसरत होतो. परतताना ढेबेवाडी फाट्यावर भाजी घ्यायला थांबलो. किल्ली फिरवली, काढली, खाली उतरलो. इंजिन चालूच. किल्ली माझ्या हातात, दिवे बंद, रेडिओ बंद, आणि इंजिन आपलं शांतपणे चालतंय. परत किल्ली लावली, फिरवली, काढली. तेच. लोक गोळा झाले. कुणी म्हणालं बॅटरीची वायर काढा, कुणी म्हणालं डिझेल संपेपर्यंत थांबा. मला घाम फुटला. भीती गाडीची नव्हती. एवढी मोठी गाडी घेऊन हा माणूस फाट्यावर अडकलाय असं लोक बघतील, ही भीती होती. म्हणजे शोबाजीचा विचार करणारा तिथं मीच होतो.

जवळच्या गॅरेजातले मिस्त्री आले. साठीच्या पुढचे, हातातल्या चिंधीला बोटं पुसत. त्यांनी बॉनेटचा खटका काढला आणि बॉनेट वर, अजून वर, पार सरळ उभं केलं. एवढी वर्षं गाडी माझ्या दारात, पण तिचं बॉनेट असं काटकोनात उभं राहतं हे मला माहीत नव्हतं. आत हात घालून त्यांनी एक छोटा दांडा अंगठ्यानं दाबला. दोन हिसके देऊन इंजिन बंद. दांड्याजवळ 'स्टॉप' असं लिहिलेलं होतं, तेही त्यांनी दाखवलं.

मग समजावून सांगितलं. ही जुनी डिझेल गाडी बंद होते ती विजेनं नाही, हवेच्या ओढीनं. इंजिनवर व्हॅक्यूमचा पंप असतो. किल्ली फिरवली की एक व्हॉल्व्ह उघडतो, ओढ नळीतून डिझेल पंपापर्यंत जाते आणि डिझेल तोडते. नळी कुठं फुटली तर ओढ पोचत नाही, इंजिन चालत राहतं. त्यांनी ती जागा हुडकली आणि बोटभर लांबीचा रबरी जोड काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी तो वाकवला, तर उन्हात पडलेल्या जुन्या चपलेच्या पट्ट्यासारख्या त्याला भेगाच भेगा पडल्या. "गाडीला काय झालं न्हाई साहेब," ते म्हणाले. "रबर वाळलंय. उद्या आणा, नीट बघू."

दुसऱ्या दिवशी नेली. मी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाची आता मला चीड येते. मी विचारलं, "तुम्हाला मर्सिडीजचं काम येतं का?" आधी पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपला फोन करून मी अंदाज घेतला होता, आणि तो आकडा गाडीच्या भावापेक्षा मोठा होता. त्यांचंही चूक नव्हतं, ते सुटा जोड न बदलता अख्खा संच बदलतात. पण अशी गाडी तिथंच न्यायची असते, फाट्यावरच्या गॅरेजात नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. मिस्त्री रागावले नाहीत. कोपऱ्यात उघडून ठेवलेल्या एका ट्रॅक्सकडे बोट करून म्हणाले, "त्येचं इंजिन कुणाचं हाय, ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्ससाठी मर्सिडीजचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन परवान्यानं घेतलं होतं. हेच इंजिन एकेकाळी जर्मनीतल्या मर्सिडीज २४० डी मध्ये होतं आणि तिथल्या टॅक्सीवाल्यांनी त्यावर लाखो किलोमीटर काढले होते. आमच्याकडे ते घाटातून दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसं ओढत राहिलं. मी त्या ट्रॅक्सना कर्जं दिली. हप्ते वेळेवर येत, म्हणून ट्रॅक्स चांगली गाडी, एवढंच मला माहीत. त्या गाड्या का टिकतात, कुणाच्या हातानं टिकतात, हे मी कधी विचारलं नाही. मिस्त्रींचं आयुष्य त्या इंजिनांवर गेलं होतं. अण्णांच्या गाडीचं इंजिन वेगळं, पण त्याच घराण्यातलं.

मग ते गाडीभोवती फिरले आणि उकिडवे बसले. टायरच्या कडेवरची धूळ थुंकी लावून पुसली आणि म्हणाले, "साहेब, हितं वाचा." लंबगोल चौकटीत चार आकडे होते, १४१२. "चौदावा आठवडा, साल बारा." टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, म्हणून ते टायर मी चांगले समजत होतो. अण्णांनी घातलेले ते टायर दहा वर्षांचे झाले होते. नक्षीच्या खाचांतून केसासारख्या चिरा होत्या. त्याच टायरवर मी बायकोला घेऊन महामार्गावरून सांगलीला जाऊन आलो होतो.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. ज्या माणसानं हजारो वेळा गाडीचं साल वाचलं, त्यानं हे साल एकदाही वाचलं नव्हतं. आरसी बुकावरचं १९९६ मला तोंडपाठ होतं आणि त्यावरून मी गाडीला निकालात काढलं होतं. जे साल खरोखर बघायचं होतं ते रबरावर छापलेलं होतं, आणि तिथं बघायला गुडघे वाकवावे लागत होते.

मिस्त्रींनी पुढचं विचारलं. ऑइल कधी बदललं? ब्रेक ऑइल? कूलंट? डिझेल फिल्टर? मी म्हणालो, "गाडी फारशी चालवतच नाही." ते म्हणाले, "म्हणून तर खराब होती." उभ्या गाडीचं रबर वाळतं, सील कडक होतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते न चालताही दोन वर्षांनी बदलायचं असतं. "कायतरी कागद आसंल की, कवा काय केलं त्येचा?" माझ्याकडे कागद नव्हता. तीन वर्षांचे ताळेबंद आणल्याशिवाय मी कुणाला खुर्चीत बसू दिलं नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा चिटोराही मी ठेवला नव्हता. त्या ठेकेदाराची फाइल तेव्हा आठवली. तो माणूस गाडीची खरी किंमत हातात घेऊन आला होता आणि मी ती वाचायचं नाकारलं होतं.

काम हळूहळू झालं. आधी टायर आणि ब्रेक, मग सगळ्या रबरी नळ्या, मग इंजिनचे माउंटिंग आणि खालचे बुश. काही भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळाले, काही नवेच मागवावे लागले. कंपनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग अजून पुरवते. जर्मनीत फेलबाखला १९९३ पासून तिचं जुन्या गाड्यांसाठी वेगळं केंद्रच आहे. या इंजिनला टायमिंगचा पट्टा नाही, साखळी आहे, त्यामुळे तो एक खर्च वाचला. तरी पहिल्या वर्षी जे गेलं ते गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होतं. हे मी लपवणार नाही. पुढच्या वर्षी खर्च निम्म्याहून कमी झाला, त्यापुढं अजून कमी. उड्डाणपुलाच्या कामाच्या काळात मलकापुरात इतकी धूळ होती की एअर फिल्टर तेवढा लवकर बदलावा लागायचा. गाडी दर आठवड्याला चालते. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काम लिहिलेलं असतं.

माझं मत बदललं म्हणजे कुठलीही जुनी मोठी गाडी घ्यावी असं मी म्हणतोय, असा अर्थ कुणी काढू नये. डिझेल दहा वर्षं आणि पेट्रोल पंधरा वर्षं ही दिल्लीची मर्यादा २०१५ मध्ये हरित लवादानं घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. तेव्हापासून तिकडच्या महागड्या गाड्या एनओसी घेऊन आपल्याकडे स्वस्तात येतात. ओळखीची तरुण पोरं साध्या छोट्या गाडीच्या पैशात त्या घेतात. गाडीचा भाव पडलेला असतो, सुट्या भागांचा पडलेला नसतो. त्यात दोन हजारनंतरच्या अनेक गाड्यांना एअर सस्पेन्शन असतं, जागोजागी संगणक असतो. ते काम अंगठ्यानं दांडा दाबून होत नाही. एकानं अशी गाडी घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती एका बाजूला बसली. त्याला मी शोबाज म्हणालो नाही. मिस्त्रींकडे घेऊन गेलो.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो. घ्यायच्या आधी वाकून टायरवरचे चार आकडे वाचा. आधीच्या मालकाकडची बिलं मागा, आणि ती नसतील तर गाडी कितीही चकचकीत असो, परत फिरा. ओळखीचा मिस्त्री सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. गाडीच्या किमतीएवढी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असेल तरच व्यवहार करा.

त्या ठेकेदाराला मी शोधलं. तो आता कोल्हापूरकडे असतो. फोनवर मी झालं गेलं सांगितलं आणि माफी मागितली. ती गाडी त्यानं पुढं स्वतःच्या पैशानं घेतली होती, आणि ती अजून चालते, असं तो म्हणाला.

आमच्या गाडीचं पासिंग २०२६ मध्ये आहे. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून १०,००० रुपये झाली आहे. ते पैसे बायकोनं वेगळे काढून ठेवले आहेत.